बद्द वाजलेली कुंडी

"मेलं होतं ते."

"मेलेल्याला कळ्या येतात?"

"मी टाकलं तेव्हा मेलेलंच होतं. त्यानंतर ते काय करत बसलं, ते मला विचारू नकोस."

"म्हणजे तुम्ही टाकलंत. ते आपलं आपण गेलं नाही."

मिस्त्रींनी चहाचा कप उचलला, ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. कप बशीच्या बरोबर मधोमध आला की नाही, हेही एकदा बघून घेतलं. भांडण कितीही पेटलं तरी त्यांच्या हातून वस्तू तिरकी ठेवली जात नसे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या नवरा-बायकोच्या मध्ये एक गुलाब पडला होता. मधोमध पिवळसर, कडेला किंचित भाजल्यासारखा लालसर. बाईंनी तो आत्ताच तोडून आणला होता आणि आणताना हाताला कोपरापर्यंत ओरखडे काढून घेतले होते. सालं टाकायला म्हणून त्या सकाळी मागच्या अंगणातल्या खताच्या ढिगाकडे गेल्या होत्या. भोपळ्याचा वेल बाजूला सारला, तर मागे हा उभा. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी "गेलं ते" म्हणून सांगितलेलं गुलाबाचं झाड. त्याला आता पाच-सहा फुलं होती आणि कळ्या तर मोजायलाच नको.

बरं, नुसतं भांडायचं असतं तर बाई संध्याकाळपर्यंत थांबल्या असत्या. पण ढिगाच्या चारी कोपऱ्यांना मिस्त्रींनी कालच खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. आज दहाच्या सुमाराला लेक ढकलगाडी घेऊन येणार होती आणि बाप-लेकीनं मिळून तो ढीग तळापर्यंत उपसायचा, असं महिनाभर आधी ठरलेलं होतं. मिस्त्रींनी विटांचे नवे वाफे बांधले होते, त्यांत ते खत पडायचं होतं. ढीग उपसला की गुलाब गेला. मुळं सगळी त्या ढिगातच पसरलेली.

"ढीग राहू द्या," बाई म्हणाल्या.

"खत तयार आहे."

"राहू द्या म्हणते मी."

"आणि वाफ्यांत काय भरू? तुझे टोमणे?"

मिस्त्रींचं वर्णन करायचं तर आधी त्यांच्या टोपणनावापासून सुरुवात करावी लागेल. बांधकामावरची माणसं त्यांना पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. मिस्त्रींना तो सोडावा लागत नसे. नुसती मान थोडी कलती करून एक डोळा बारीक केला, की भिंत कुठल्या बाजूला झुकलीय ते त्यांना कळे, आणि झुकली असेल तर ती पाडली जाई. मग ती दुसऱ्याची असो की स्वतःची. लग्नानंतर दोघांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढला होता. त्यात बाई समोर बघून छान हसताहेत आणि मिस्त्रींची नजर भलतीकडेच. मागचा पडदा एका बाजूनं उतरला होता म्हणे. "माझ्याकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघत होते," हे बाई आल्या-गेल्याला आजही सांगत. तो फोटो भिंतीवर मात्र अगदी सरळ टांगलेला होता.

डोळ्यापेक्षाही मिस्त्रींचा कान तयार होता, आणि त्यांचा खरा अभिमान तोच. वीट हातात घ्यायची, थापीच्या मुठीनं तिला एक टोला द्यायचा आणि कान जवळ न्यायचा. खणखणीत वाजली तर भिंतीत. बद्द वाजली तर बाजूला. बद्द वाजणारी वीट आतून कच्ची असते किंवा कुठंतरी तडकलेली असते. दिसायला कितीही लालबुंद असली तरी मिस्त्री तिला भिंतीत जागा देत नसत. त्यांनी ट्रकच्या ट्रक परत पाठवले होते. ठेकेदार चिडत, हात जोडत, तोंड फिरवून शिव्याही देत. पण परत पाठवलेली वीट फोडून बघितली की मिस्त्रीच खरे निघत. असं आयुष्यभर झालं. असं आयुष्यभर झालं की माणसाला आपल्या कानाबद्दल शंका येईनाशी होते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे पाणी. बांधकामावर पहिल्याच दिवशी ते विटांसाठी हौद करून घेत. भिंतीत जाणारी प्रत्येक वीट आधी पोटभर भिजली पाहिजे. कोरडी वीट चोर असते, ते म्हणत. सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ती स्वतःच पिऊन टाकते, मग मसाला भुसभुशीत होतो आणि भिंत नुसती दिसायला भिंत उरते. हाताखालची पोरं म्हणत, मिस्त्री आधी विटांना पाजतात आणि मग आम्हाला चहा. बाई डबा घेऊन गेल्या की बरोबरची लहानगी लेक हौदाच्या काठाला पोटावर पडून राही. वीट पाण्यात सोडली की तिच्यातून बुडबुड्यांची माळ वर येई, सुर्र असा बारीक आवाज करत. बुडबुडे थांबले की लेक ओरडे, "बाबा, हिचं पोट भरलं."

मग गुडघ्यांनी दगा दिला. परांचीवर चढणं बंद झालं आणि मिस्त्री घरी बसले. 'बसले' म्हणणं तसं बरोबर नाही. त्यांनी मागच्या अंगणात दोरी ताणली आणि दोरीखाली मातीच्या कुंड्यांची रांग लावली. एकही कुंडी बोटभर पुढे नाही की मागे नाही. पाणी आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, डबा भरून, मसाल्यात घालावं तसं मापानं. आणि रोज सकाळी थापी घेऊन रांगेपाशी जायचं. प्रत्येक कुंडीला एक टोला, कान जवळ. खणखणीत वाजली की मिस्त्री मान डोलवून पुढे. बद्द वाजली की कपाळाला आठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बद्द वाजली की आतून मुळं कुजली, असं समजायचं. आणि कुजकं रांगेत ठेवायचं नाही. उचलायचं, कोपऱ्यातल्या ढिगावर झाड उपडं करायचं आणि रिकामी कुंडी धुऊन पालथी घालायची.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. विचारायचं काय त्यात? वीट भाजलेल्या मातीची, कुंडीही भाजलेल्या मातीची. मातीला ओळखणारा माणूस घरात असताना शेजाऱ्याला विचारायला जायचं?

बाईंची गोष्ट निराळी. त्यांची सगळी उमेद एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात गेली. ढीगभर चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. तिथल्या बायका त्यांना 'खळबाई' म्हणत, कारण कपड्याला खळ किती घालायची ते त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे, आणि त्यांचा स्वतःचा स्वभावही तसा ताठच. धुलाईखान्याच्या मागच्या दाराशी वाफेचा पाइप बाहेर यायचा. त्याच्या खाली, कायम ओल्या राहणाऱ्या चिमूटभर जमिनीत, एक गुलाब उगवलेला होता. कुणी लावला, कुणाला ठाऊक नाही. साबणाचं पाणी पिऊन, वाफ खाऊन तो बाराही महिने फुलायचा. जेवणाच्या सुट्टीत बायका त्याच्याशेजारी पायऱ्यांवर बसायच्या. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाची पाठ, सगळं त्या गुलाबानं ऐकलेलं. पुढे धुलाईचं काम बाहेर द्यायचं ठरलं आणि धुलाईखाना पाडला. शेवटच्या दिवशी बाईंनी एक काडी तोडली, ओल्या टॉवेलात गुंडाळली आणि घरी आणली.

ती काडी जगली. मिस्त्रींनी तिला स्वतः निवडलेली कुंडी दिली, रांगेत जागा दिली. बाई काही बोलल्या नाहीत, पण रोज पहाटे पाणी प्यायला उठल्या की भांड्यातलं उरलेलं पाणी त्या कुंडीत ओतून येत. मिस्त्रींच्या मापाबाहेरचं पाणी, मिस्त्रींना न सांगता. आठवड्यातून एकदा पाणी, हे त्यांना कसंसंच वाटे. जन्म ओल्यात काढलेला होता त्या गुलाबानं. मग एवढं एकालाच कशाला द्यायचं म्हणून लेकीनं लहानपणी बी पेरून वाढवलेल्या लिंबालाही देऊ लागल्या. आणि समोरच्या वहिनींनी दिलेल्या जिरेनियमलाही.

तिन्ही गेली. एकामागून एक. आधी जिरेनियम, मग लिंबू, मग गुलाब. गुलाबाच्या वेळी मिस्त्रींनाही वाईट वाटलं होतं. ते आत येऊन बाईंच्या शेजारी बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "गेलं गं ते. तुझ्या हाताखालचं टिकत नाही, काय करणार."

टोमणा मारायचा म्हणून बोलले असते तर बाईंनी तिथल्या तिथे परत केला असता. पण ते मायेनं बोलले होते, त्यामुळे ते वाक्य आत जाऊन बसलं. आपण ज्याला पाणी घातलं तेच गेलं, हे तर त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. त्यानंतर बाईंनी कुठल्याच झाडाला हात लावला नाही. समोरच्या वहिनी गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला किल्ली देऊ लागल्या, तर बाईंनी पाठ धरल्याचं निमित्त सांगितलं. लेकीनं वाढदिवसाला एक नाजूक झाड आणलं, तर ते हातात न घेताच म्हणाल्या, "बाबांकडे दे."

तर ही त्या सकाळच्या भांडणाची आतली बाजू, आणि ती टेबलावर अजून कुणी मांडलेली नव्हती.

दार ढकलून लेक आत आली. ती शहर बस चालवते. दिवसभर भांडणारी माणसं पाठीमागे घेऊन गाडी सरळ ठेवायची सवय असल्यानं घरातल्या भांडणाचं तिला विशेष वाटत नाही. तिनं बुटांचा चिखल पायपुसण्यावर घासला, टेबलावरचा गुलाब बघितला, मग आईचा हात बघितला.

"मांजर पाळलं का?"

"तुझ्या बाबांना विचार."

"बाबा, मांजर?"

"तुझी आई म्हणते ढीग उपसायचा नाही," मिस्त्री म्हणाले. "तूच सांग. ढकलगाडी आणलीस ना?"

"आणलीय. सहकाऱ्याकडून मागून आणलीय, संध्याकाळी परत द्यायचीय. त्यामुळे जे काय भांडायचंय ते जेवणाआधी भांडा."

अशा रीतीनं लेकीला पंच नेमण्यात आलं आणि तिघंही मागच्या अंगणात गेली. फावडं दाराशीच टेकून ठेवलेलं होतं.

ढीग म्हणजे काय, तर मिस्त्रींच्या अंगणातली ती एकच जागा, जिथे त्यांचा ओळंबा चालत नसे. बाकी सगळं आखीव. डाव्या हाताला कुंड्यांची रांग, उजव्या हाताला नवे वाफे, कडा अशा सरळ की त्यांवरून बोट फिरवावंसं वाटावं. आणि कोपऱ्यात हा प्रकार. भाज्यांची सालं, वाळका पाला, चहाचा चोथा, आणि त्यातून माजलेलं रान. भोपळ्याच्या वेलानं निम्मी भिंत काबीज केली होती. टाकून दिलेल्या बटाट्याला कोंब फुटून त्याचं झुडूप झालं होतं. लिंबू मिस्त्रींच्या छातीला लागेल इतकं वाढलं होतं, थोडं वाकडं, पण पान न् पान चकचकीत. जिरेनियम चारी दिशांना हातपाय पसरून आडवं पडलं होतं आणि कालच्या दोरीला त्यानं खुशाल टेकून घेतलं होतं. मागे तो गुलाब.

लेक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे माझं लिंबू?"

"टाकलं होतं ते," मिस्त्री म्हणाले.

"मला सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात. कुजलं होतं."

बाई लिंबाकडे बघत होत्या, मग जिरेनियमकडे, मग गुलाबाकडे. मिस्त्रींनी या दोन-तीन वर्षांत किती वाळलेली झाडं टाकली असतील, पण ढिगावर तग धरून उभी होती ती नेमकी ही तीन. बाईंनी पदराच्या टोकाला हात पुसले, जसे त्या कामावर पुसायच्या, आणि सांगून टाकलं. पहाटे उठत होते. उरलेलं पाणी घालत होते. या तिघांनाच घालत होते.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. कोर्टात समोरच्या बाजूच्या साक्षीदारानं आपल्याच बाजूची साक्ष द्यावी, तसं त्यांना झालं.

"ऐकलंस?" ते लेकीला म्हणाले. "मी म्हणत होतो ना. जास्त पाण्यानं मुळं कुजली. म्हणून बद्द वाजत होत्या तिन्ही कुंड्या. माझा कान आजवर कधी चुकलाय?"

बाईंची मान खाली गेली. लेकीनं ते पाहिलं. तिनं बापाला विचारलं, की कुजली होती तर मग इथे कशी वाढली. मिस्त्री म्हणाले, खताला उष्णता असते, कुजलेलंही कधीकधी धरतं. कुठून आणलं हे ज्ञान, असं लेकीनं विचारल्यावर ते म्हणाले, अनुभव. आणि चर्चा लांबू नये म्हणून त्यांनी कमरेची थापी काढली आणि सगळ्यांना रांगेकडे नेलं. पहिल्या कुंडीला टोला दिला. खण्ण. दुसरीला. खण्ण. मिस्त्री गवयासारखे डोळे मिटून पुढे सरकत गेले आणि रांगेतली एकेक कुंडी देवळातल्या घंटेसारखी वाजत गेली.

"हा आवाज ऐक," ते म्हणाले. "काय बिशाद आहे आत काही कुजायची."

"आवाज फारच छान आहे बाबा," लेक म्हणाली. "पण झाडं कुठायत?"

खरं म्हणजे झाडं होती. पण ती कशी होती, तर पाहुण्यांच्या घरी अवघडून बसलेल्या माणसांसारखी. पानं अंगाशी घेतलेली, कडा तपकिरी, वाढ म्हणाल तर नाहीच. मिस्त्री म्हणाले, हळूहळू वाढतात, पक्की वाढतात. लेक म्हणाली, बाबा, भोपळा बघा, त्याला कुणीच पक्कं वाढ म्हणून सांगितलेलं दिसत नाही. मिस्त्रींना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. खाली वाकून त्यांनी रांगेतली एक कुंडी उचलली, तीच, लेकीनं वाढदिवसाला आणलेल्या झाडाची, आणि आत नेऊन टेबलावर ठेवली. आईला नीट ऐकू दे, म्हणाले. लांबून ऐकण्यात मजा नाही.

आत आल्यावर त्यांनी कुंडीला पुन्हा एक टोला दिला. स्वयंपाकघरात तो आवाज आणखीनच मोठा झाला.

"ऐकलंस? आता ढीग उपसू?"

बाईंनी ऐकलं. आणि ऐकता ऐकता त्या तिथून निघाल्या, म्हणजे जागेवरच उभ्या होत्या पण धुलाईखान्याच्या गच्चीवर जाऊन पोचल्या. तिथे वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा असत. चादर वाळली की नाही ते हात लावून बघायची बाईंना गरज पडत नसे. वारा आला की ओली चादर नुसती जड हलते, फदफद करते. वाळलेली चादर कडाड् वाजते. नवीन आलेल्या मुलींना त्या हेच सांगत, की हात लावून चादर मळवू नका, कान द्या. ओलं कधी वाजत नाही. वाळलेलंच वाजतं.

बाईंनी कुंडी उचलली.

"अगं, काय करतेस?"

त्यांनी ती मोरीत ठेवली, पाण्याचं भांडं भरलं आणि सावकाश कुंडीत ओतलं. पाणी वर थांबलंच नाही. मातीनं ते घटाघटा ओढून घेतलं, आणि कुंडीच्या कडेनं बारीक बारीक बुडबुडे वर आले, सुर्र असा आवाज करत. लेक टेबलाला टेकून उभी होती. ती सरळ झाली. तिनं तो आवाज ओळखला होता.

बाईंनी दुसरं भांडं ओतलं. मग तिसरं. बुडबुडे थांबेपर्यंत थांबल्या. कुंडीचं अंग बाहेरूनही गडद होत गेलं. मिस्त्री म्हणत होते की मारशील तू ते झाड, आज पाण्याचा दिवस नाही, माप आहे त्याला. बाईंनी त्यांना बोलू दिलं. मग हात पुढे केला.

"थापी द्या."

मिस्त्री आपली थापी कुणाला देत नसत. बांधकामावर त्यावरून मारामारी व्हायची वेळ आलेली होती. त्यांनी बायकोच्या ओरखडलेल्या हाताकडे बघितलं आणि दिली.

बाईंनी थापीच्या मुठीनं कुंडीला टोला दिला.

बद्द.

बाईंनी पुन्हा एकदा वाजवली, मुद्दाम वरच्या अंगाला, जिथे मिस्त्री वाजवत. बद्द.

"घटकेपूर्वी खणखणीत होती," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "आता कुजली का ही? एवढ्यात? टाकायची का ढिगावर?"

मिस्त्री कुंडीकडे बघत राहिले. त्यांनी मान कलती केली, एक डोळा बारीक केला, कान जवळ नेला. पुन्हा वाजव, असं हातानंच सांगितलं. बाईंनी वाजवली. मिस्त्रींनी थापी परत घेतली आणि स्वतः वाजवली. मग त्यांनी कुंडीच्या ओल्या अंगावर तळवा ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

या तळव्यानं त्यांनी किती भिजलेल्या विटा हौदातून काढल्या असतील. हाताखालची नवी पोरं कधीकधी हौदातून काढलेली वीट वाजवून बघत आणि म्हणत, मिस्त्री, ही कच्ची दिसते, बद्द वाजतेय. तेव्हा मिस्त्री त्यांच्या टाळक्यात टपली मारून म्हणत, अरे गाढवा, ही पाणी प्यायलीय. वाजवायची ती हौदात जायच्या आधी. बाईंनी डबा घेऊन जाताना हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. लेकीनं तर हौदाच्या काठावरून ऐकलं होतं. घरात तिघांपैकी तिघांनाही ते माहीत होतं.

बाई खुर्चीवर बसल्या. टेबलावरचा गुलाब त्यांनी जवळ ओढला.

"दोन वर्षं मी कुणाच्या झाडाला हात लावला नाही हो," त्या म्हणाल्या. "वहिनींची किल्लीसुद्धा घेतली नाही. मला वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी आहे."

मिस्त्रींनी मान वर केली. हे त्यांना माहीत नव्हतं. किल्लीचं माहीत होतं, पण त्यांनी ते पाठदुखीवर घातलं होतं. पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवीही आणून दिली होती, आणि बाईंनी ती निमूटपणे लावून घेतली होती.

लेकीनं दाराबाहेरच्या ढकलगाडीकडे बघितलं. तिला कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "बाबा, ढकलगाडीचं काय करू? आत घेऊ, की परत देऊ?"

मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. ते बायकोकडे बघत होते. तोंड थोडं उघडलं होतं, शब्द जुळवायचा प्रयत्न चाललेला असावा. पण भिंतीशी, विटेशी, ठेकेदाराशी आयुष्यभर बोललेला माणूस अशा वेळी काय बोलतो ते त्यांना माहीत नव्हतं. बाईंनाही ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्यांना सोपं जावं असा प्रश्न विचारला, त्यांच्या कामातला, ज्याचं उत्तर ते झोपेतही देऊ शकले असते.

"मिस्त्री, भिजलेली वीट तुम्ही कधी वाजवून बघत होतात का हो?"

मिस्त्रींनी थापी टेबलावर ठेवली. मोरीच्या कोपऱ्यात वाकून, गुडघ्यावर हात देत, त्यांनी झारी काढली. ती नळाखाली धरली. झारी काठोकाठ भरेपर्यंत स्वयंपाकघरात फक्त पाण्याचाच आवाज होता. मग ते दाराकडे गेले. दाराशी टेकवलेलं फावडं वाटेत आलं, ते त्यांनी पायानं बाजूला सारलं आणि मागे न बघता बाहेर पडले.

थापी टेबलावर राहिली होती, गुलाबाशेजारी, चांगली तिरकी.